जर्मनीतल्या बालवाडीत काम करते, गड्ड्याला सोलापूरला आलेय, परत जावं की नको?

शेंगापोळी

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, माहेर जुळे सोलापूर. डीएड झाल्यावर इथल्याच एका शाळेच्या बालवाडीत ९ वर्षं काढली आणि ते काम मला मनापासून आवडायचं. मग मिस्टरांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो, त्याला आता दोन वर्षं होतील. पहिलं सव्वा वर्ष भाषेच्या क्लासात गेलं, बी१ पास झाले, बी२ अर्धं झालंय, आणि गेल्या सप्टेंबरपासून तिथल्या एका किटात मदतनीस म्हणून लागले. किटा म्हणजे बालवाडी आणि पाळणाघर एकत्र असं समजा. नाताळची बंदी आणि उरलेली रजा जोडून सोलापूरला आलेय. काल गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, अक्षता सोहळ्याला गेले, गर्दीत उभी राहून सगळ्यांबरोबर 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' म्हणाले आणि घरी येऊन रडत बसले, कारण २० तारखेचं परतीचं तिकीट आहे आणि माझा पाय निघत नाहीये.

इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की मला लहान पोरं सांभाळता येत नाहीत. तिकडे रोज वाटतं.

पहिल्याच आठवड्यातलं सांगते. पाऊस असो बर्फ असो, तिकडे पोरं रोज अंगणात जातातच. एक साडेतीन वर्षांची मुलगी बाकड्यावर बसून चिखलात घालायची ती रबरी पँट चढवत होती, एकाच पायात दोन्ही पाय गेलेले, मी आपली सवयीने खाली बसले आणि पँट सरळ करायला लागले तर तिने माझा हात ढकलला आणि जोरात म्हणाली 'आलाइन!' म्हणजे माझं मी करेन. बाजूच्या सहकारी बाई बघत होत्या, नंतर मला शांतपणे म्हणाल्या की तिला दहा मिनिटं लागू देत, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. त्या चांगल्या बोलल्या पण मला ते फार लागलं. इकडे मी चाळीस पोरांच्या नाड्या बांधल्यात, डबे भरवलेत, आणि आता माझ्या हातांचं करायचं काय तेच कळेना.

दुसरं म्हणजे मला तिकडे कुणी बाई म्हणत नाही. पोरं नावाने हाक मारतात, अगं-तुगं करतात, सगळ्याच मोठ्यांना करतात, पण माझं नाव त्यांना नीट घेता येत नाही आणि त्यांचे शब्द मला नीट घेता येत नाहीत. चित्रांच्या पुस्तकात खार आली. खारीला जर्मनमध्ये 'आइश्-ह्योर्न-शेन' असं काहीतरी म्हणतात. मी म्हटलं, सहा पोरं खदाखदा हसली, परत म्हटलं, परत हसली, मग एका पाच वर्षांच्या पोराने माझ्या तोंडासमोर तोंड आणून हळूहळू चार वेळा म्हणून दाखवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी ९ वर्षं पोरांना 'ळ' म्हणायला शिकवलेली बाई आहे हो.

आणि डिसेंबरमधली गोष्ट तर आठवली तरी पोटात गोळा येतो. आईने इकडून शेंगापोळ्या पाठवल्या होत्या, मी हौसेने डबा भरून नेला, स्टाफरूममध्ये ठेवायचा तो बोलण्याच्या नादात पोरांच्या नाश्त्याच्या टेबलावर ठेवला. आमच्या गटात एका पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, यादी भिंतीवर लावलेली आहे, मी ती पहिल्या दिवशी वाचलेली होती. सहकारी बाईंनी डबा झटकन उचलला, टेबल दोनदा पुसून घेतलं, सगळ्या पोरांचे हात धुतले. कुणी खाल्लं नव्हतं, काही झालं नाही. प्रमुख बाई ओरडल्यासुद्धा नाहीत, फक्त मला समोर बसवून सगळं परत समजावून सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याकडे शेंगदाणा म्हणजे जेवण हो, भाजीत कूट, वर चटणी, सणाला पोळी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाकी पण आहेच. डिसेंबरात साडेचारला काळोख, रविवारी दुकानं बंद, मिस्टर उशिरा येतात. शिवाय बिल्डिंगमध्ये जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, दारावर पाटी अडकवतात, ती मी एकदा विसरले तर शेजारच्या आजी चार दिवस बोलल्या नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिकडे किटात अक्षरं शिकवतच नाहीत. अ आ इ ई नाही, अंक गिरवणं नाही, ते सहाव्या वर्षी शाळेत. मग मला जे येतं त्याचा तिथे उपयोग काय? जे अशा कामात बाहेर आहेत किंवा होते त्यांनी खरं सांगा, हे बसतं का हळूहळू? की माझ्यासारखीने इकडेच परत यावं?

होटगीरोडवाली

अगं पहिलं म्हणजे ये, मिठी मार. मी फ्रँकफर्टच्या बाजूला ७ वर्षं किटात आहे आणि माझी पण तुझ्यासारखीच सुरुवात झाली, फक्त माझ्या वेळेला विचारायला कुणी नव्हतं.

शेंगदाण्याचं आधी बोलते कारण तेच तुझ्या मनात सलतंय. चूक झाली, मोठी होऊ शकली असती, हे खरंच आहे, ते हलकं करून सांगणार नाही. पण आता असं कर, रोज सकाळी एप्रन घालायच्या आधी ती भिंतीवरची यादी वाच, पाठ असली तरी वाच. मी अजून वाचते. आणि घरून काहीही न्यायचं असलं तर आधी विचार, पाकिटावरची घटकांची यादी लागते बऱ्याच ठिकाणी, घरचं केलेलं चालतच नाही काही किटात. तसंच फोटो, व्हिडिओ. पोराचा फोटो आईबापांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचा नाही आणि स्वतःच्या फोनवर तर मुळीच नाही, आईला पाठवायला म्हणून पण नाही. गालगुच्चे, पापे पण नाहीत. पोर स्वतः येऊन मांडीवर बसलं तर बसू दे, आपण ओढायचं नाही. हे मला शिकायला वर्ष गेलं, कारण आपल्याकडे पोर दिसलं की हात आपोआप गालाकडे जातो.

'आलाइन'चं सांगते. तिकडे एक साधा नियम आहे जो मला फार पटला, पोर ज्या झाडावर, ज्या शिडीवर स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. कारण जे स्वतः चढतं त्याला उतरता येतं, आपण ठेवलेलं पोर वर अडकतं आणि पडतं. पँटचं पण तेच. तू काय करायचं, तर शेजारी बसायचं, स्वतःची पँट घालायची, हळू, तिला दिसेल अशी. आणि क्रम लक्षात ठेव, हातमोजे सगळ्यात शेवटी. आधी हातमोजे घातले की पोराला चेन लावता येत नाही आणि मग अठरा पोरं एकदम तुझ्याकडे हात पसरून येतात. मी पहिल्या हिवाळ्यात रोज हे भोगलंय.

अक्षरं शिकवत नाहीत म्हणून तुला वाटतंय काहीच शिकवत नाहीत, तर नीट बघ. टेबल मांडताना पोर किती ताटल्या लागतील ते मोजतं, काचेच्या जगमधून काचेच्या ग्लासात पाणी ओततं, सुरीने केळं कापतं. सांडतं, फुटतं, परत ओततं. किंडरगार्टन हा शब्दच तिथला, फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला सुरू केलेल्या संस्थेला दिलेला, आणि त्याने पोरांच्या हातात पाटी नाही तर लाकडी ठोकळे आणि चेंडू दिले. प्रशिया सरकारने १८५१ ला या किंडरगार्टनवर बंदी घातली होती, ती १८६० ला उठली. म्हणजे खेळ हेच शिक्षण हे पटवायला त्यांना पण भांडावंच लागलं.

आणि भाषेचं. तू श्टुटगार्टला आहेस म्हणजे तिथली पोरं श्वाबिश बोलतात, शब्दाला '-ले' लावतात, क्लासात शिकलेलं जर्मन तिथे अर्धं उपयोगी पडतं, त्यात तुझा दोष नाही. त्या राज्याने, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गने, १९९९ पासून स्वतःची जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढं जमत नाही. आपण पुण्यात गेल्यावर 'काय करलालास' म्हटलं की लोक कसे बघतात आठव. त्यांची पण तीच कथा आहे, म्हणून तिथली माणसं भाषेच्या बाबतीत आतून हळवी असतात. एकदा तू '-ले' लावून बोलून बघ शेजारच्या आजींशी. जिन्याच्या पाळीची तारीख मात्र फोनमध्ये लावून ठेव, त्याला उपाय नाही.

कागदांचं, कारण मदतनीस म्हणून किती दिवस राहणार. तिकडे किटातल्या शिक्षिकेचं काम सरकारी मान्यतेशिवाय त्या पदनामाने करता येत नाही. डीएडची गुणपत्रकं, अभ्यासक्रम, अनुभवाचं पत्र, सगळ्याचं अधिकृत भाषांतर करून तुझ्या राज्याच्या कार्यालयात अर्ज टाक. बहुतेकांना अर्धवट मान्यता मिळते, मग उरलेलं काही महिने काम-शिक्षण करून किंवा परीक्षा देऊन भरून काढायचं. बी२ तरी लागतंच, काही राज्यं वरची पातळी मागतात. गोवराच्या लसीचा कागद नोकरीला लागताना घेतलाच असेल, १ मार्च २०२० पासून सक्तीचा आहे. आता सोलापूरला आहेसच तर जुन्या शाळेत जाऊन अनुभवाचं पत्र घे, त्यात कुठल्या वयाची पोरं, आठवड्याला किती तास, हे लिहून घे. तिकडे गेल्यावर हा कागद मागवायला जीव जातो.

नवी_पेठ

मी वेगळं सांगतो, राग मानू नका ताई. परत या. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तिच्या बालवाडीत तिला दोन ओळींच्या वहीत रोज पानभर लिहायला देतात, बोटं दुखतात म्हणून रात्री रडते. आणि आम्ही पालकच विचारतो की अजून एबीसीडी कशी येत नाही, मी पण विचारलंय, कबूल करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वय हा पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकवा म्हटलंय, पण ते करणार कोण, ज्यांनी हे डोळ्याने बघितलंय ते सगळे बाहेर. पगार कमी आहे हे मला माहीत आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण गरज इथे जास्त आहे असं मला वाटतं.

बालवाडीच्या_बाई

बाळ, मी पूर्व भागात ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं, आता घरी असते, नात मोबाईलवर लिहून देतेय.

तू रडलीस त्याचं मला नवल वाटलं नाही. तुझं वाचून मला माझ्याच वर्गातली पोरं दिसली. जुळे सोलापुरात तुला बहुतेक मराठी बोलणाऱ्या घरातली पोरं मिळाली असतील. आमच्याकडे जूनमध्ये चाळीस पोरं यायची, त्यातली तीसेक घरात तेलुगू बोलणारी, पाच-सहा कन्नड, आणि वर्ग मराठी. बाप यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. पोराला आयुष्यात पहिल्यांदा अशी बाई दिसायची जिचं एक अक्षर कळत नाही. काही पोरं रडायची, ती बरी, त्यांना उचलून घेता येतं. काही गप्प बसायची. त्यांची मला जास्त काळजी वाटायची.

एक पोरगा होता, दाराशी चपलांच्या शेजारी बसायचा. वर्गात ये म्हटलं की चपला घट्ट धरायचा. जून गेला, जुलै गेला, तोंडातून शब्द नाही. मुख्याध्यापक म्हणाले याला ऐकू येतं का बघा. मी त्याला काही विचारलं नाही, काही म्हणायला लावलं नाही. मीच वीसेक तेलुगू शब्द शिकले, आयांकडून, नळावर उभं राहून. नीळ्ळू म्हणजे पाणी, अन्नम म्हणजे भात, रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस, एडवकु म्हणजे रडू नको. माझा उच्चार ऐकून त्या बाया इतक्या हसायच्या की विड्यांचं सूप मांडीवरून पडायचं. हसू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाया मला दोन शब्द जास्त सांगायच्या.

मग एक दिवस मण्यांची माळ ओवताना एका मुलीचा दोरा तुटला आणि मला गाठ जमेना. तो चपलांपासून उठला, माझ्या हातातून दोरा घेतला आणि दोन बोटांत फिरवून अशी पटकन गाठ मारली, आईला विडीला दोरा बांधताना रोज बघत होता ना. त्या दिवसापासून माळांचा डबा त्याच्याकडे. पहिला मराठी शब्द बोलला तो गणपतीच्या सुमाराला, 'बाई, दोरा संपला.' पूर्ण वाक्य, चूक नाही. म्हणजे तीन महिने ते पोर सगळं ऐकून ठेवत होतं.

आता तू ते पोर आहेस. तुझा त्याच्यासारखा तीन महिन्यांचा नाही, जरा लांबचा गप्प काळ चालू आहे. त्यात तू तुझ्यावर रोज परीक्षा घ्यायलीस. घेऊ नको. तुझ्या हाताला काय येतं ते शोध. कागदाचं येतं का, रांगोळीचं येतं का, आकाशकंदील येतो का. भाषा न लागणारं काहीतरी एक धर आणि ते तुझं कर.

आणि ती चिखलाची पँट. त्या बाईंचं बरोबर आहे, तुझं चूक आहे, हे मी तुला स्पष्ट सांगते. आम्ही प्रशिक्षणाला गेलो तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं बालशिक्षणातलं काम आम्हाला शिकवलं होतं. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, मग कोसबाडला, आणि पोरं बालवाडीपर्यंत येईनात तर बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. सरकारची योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, खूप नंतर. आणि त्या अंगणात पोरं स्वतःचे हातपाय स्वतः धुवायची, स्वतः झाडायची, शिंपल्या, बिया, पानं मोजायची. तुला जे परक्या देशाचं वाटतंय ते आपल्याकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यात होऊन गेलंय. आपणच ते सोडलं आणि वही हातात दिली, मी पण दिली, शेवटची दहा वर्षं, पालकांच्या धाकाने. त्याची मला खंत आहे.

नवी पेठेतल्या दादांना सांगते, पोरीची ती वही बंद करा. उद्याच जाऊन बोला बाईंशी, त्या पण तुमच्याच धाकाने देत असतील.

गड्ड्यावरचा_पाळणा

बाईंना नमस्कार. आमचं घर पण पूर्व भागातच, मी घरी तेलुगू बोलणारा आणि मराठी शाळेत शिकलेला, त्या चपलांपाशी मी पण बसलोय.

सध्या टोकियोत आहे, एदोगावा भागात, जिथे निशि-कासाईला आपली बरीच माणसं राहतात. तिथल्या नगरपरिषदेवर २०१९ ला योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, आपले मराठी, त्यामुळे भाग तुम्ही ऐकला असेल. माझी बायको इथे एका होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, आठवड्यातले तीन दिवस इंग्रजी गाणी-खेळ घेते. तिला सगळ्यात जड गेली ती वही. इथे प्रत्येक पोराची एक वही असते, रेनराकुचो, त्यात आई सकाळी लिहिते की पोर किती वाजता झोपलं, ताप किती, काय खाल्लं, आणि संध्याकाळी बाई लिहिते दिवसभर काय झालं. बायको बोलायला शिकली पण लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा, तीन लिप्या एकत्र. मग तिने चित्रं काढायला सुरुवात केली. पोराने आज उड्या मारल्या तर उड्या मारणारं पोर, गाजर टाकलं तर ताटात उरलेलं गाजर. आता आयाच सांगतात की तुम्ही चित्रच काढा.

एवढंच सांगायचंय की दुसरं वर्ष पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या वर्षी ती रोज सोलापूरचं तिकीट बघायची.

आणि डॉ. कोटणीस आपल्याच गावचे ना, १९३८ ला चीनला गेले तेव्हा त्यांना तरी चिनी कुठे येत होतं, तिथे जाऊन शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं. शाळेत हा धडा ऐकताना मी कधी त्यांच्या भाषेचा विचार केला नव्हता, इथे आल्यावर केला.

शेंगापोळी

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोन दिवस नुसती परत परत वाचतेय. बाई, तुमचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणाली या बाईंच्या पाया पडून ये. पत्ता इथे देऊ नका, पण मनातून पडले असं समजा.

होटगीरोड अक्का, काल जुन्या शाळेत जाऊन अनुभवाचं पत्र घेतलं, तास आणि वयोगट लिहून घेतले. आमच्या वर्गात डोकावले तर पोरं वहीत खाली मान घालून बसलेली, एकदम शांत. आधी मला ही शांतता बघून अभिमान वाटायचा. काल तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

नवी पेठ दादा, तुमचं मी टाळत नाहीये. तुमचं खरं आहे आणि माझ्याकडे पण त्याला उत्तर नाही. इतकंच की आत्ता परत आले तर मी तीच जुनी बाई म्हणून येईन, नाड्या बांधणारी. अजून शिकून झालेलं नाही माझं.

बाईंना एक विचारायचं होतं. हाताला काय येतं ते शोध म्हणालात, तर मला आकाशकंदील येतो, काड्यांचा, जिलेटिन लावून. तिकडे ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावाने पोरं स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन संध्याकाळी रस्त्याने गाणी म्हणत जातात. तेव्हा मी कोपऱ्यात उभी राहून पोरांच्या जॅकेटच्या चेनी बघत होते. मला तेव्हा सुचलंच नाही. पण आता नोव्हेंबर लांब आहे हो.

बालवाडीच्या_बाई

नोव्हेंबर कशाला पाहिजे? काड्या आणि कागद घेऊन बस जमिनीवर, पोरांच्या मध्ये. काय करायचंय ते सांगू नको, बोलवू नको कुणाला. तुझं तू करत बस. ज्याला यायचंय ते येईल. आणि जे पोर कुणाशी बोलत नाही ते सगळ्यात आधी येईल, बघ तू.

काड्या टोकदार ठेवू नको.

होटगीरोडवाली

आणि जिलेटिनच्या ऐवजी तिकडचा ट्रान्सपरंट कागद घे, कंदिलासाठी तोच वापरतात, किटाच्या कपाटात असतोच. आधी प्रमुख बाईंना विचार. त्या खूश होतील, तू स्वतःहून काहीतरी मागतेयस याची त्या वाट बघत असणार.

शेंगापोळी

जवळजवळ महिन्याने लिहितेय. गेले परत. विमानतळावर रडले, खोटं नाही सांगत, पण गेले.

सांगायचं ते असं. आमच्या गटात जानेवारीत एक नवा मुलगा आलाय, युक्रेनमधून आलेलं कुटुंब, चार वर्षांचा. तिकडे नवीन पोराबरोबर आईने पहिले काही दिवस वर्गातच बसायचं असतं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं हळूहळू सोडवतात. त्याची आई आता जायला लागली तसा तो कपडे टांगायच्या खोलीत स्वतःच्या हुकाखाली बूट मांडीवर घेऊन बसतो. बाई, मी ते बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. बूट घट्ट धरलेले.

प्रमुख बाईंना विचारलं, काड्या आणि कागद घेतला, आणि त्याच खोलीत, त्याच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसले. काही बोलले नाही. पहिल्या दिवशी एक सांगाडा बांधून झाला, तो बघत पण नव्हता. दुसऱ्या दिवशी 'आलाइन'वाली मुलगी आली आणि तिने आख्खी डिंकाची बाटली सांडली, आम्ही दोघींनी पुसलं. तिने मला शब्द सांगितला डिंकाचा, मी चुकीचा म्हटला, ती हसली, मी पण हसले, परत सांगितला. चौथ्या दिवशी दोऱ्याने कोपरा बांधत होते, काडी सारखी निसटत होती, तर एक बोट आलं आणि काडीवर दाबून बसलं. मी मान वर केली नाही. गाठ मारली. पुढचा कोपरा घेतला, बोट परत आलं.

बूट बाजूला ठेवले होते त्याने, उताणे, बाकड्याखाली.

आता चार कंदील झालेत, खिडकीत लावलेत, दुपारी साडेतीनला ऊन आलं की फरशीवर लाल-पिवळं पडतं आणि छोटी पोरं त्यावर हात ठेवायला रांगत येतात. बी२ची परीक्षा मार्चमध्ये आहे. कागद टाकलेत मान्यतेसाठी. शेजारच्या आजींना काल 'कंदिलले' असं काहीतरी म्हणून बघितलं, त्यांनी बरोबर शब्द सांगितला, लाटेर्नले, आणि आत बोलावून कॉफी दिली.

नवी पेठ दादा, पोरीच्या वहीचं काय झालं?

नवी_पेठ

गेलो होतो ताई. बाई म्हणाल्या तुम्हीच पहिले आहात जे कमी लिहायला द्या म्हणून आलात. आठवड्यातून दोनच दिवस देतो म्हणाल्या आता. काल पोरगी घरी ज्वारी निवडत बसली होती आजीबरोबर, खडे वेगळे, एक-दोन-तीन करत, अकरापर्यंत गेली. कंदिलाचा सांगाडा कसा बांधायचा ते सविस्तर लिहा ना, आमच्या बाईंना दाखवतो.